दोनशे अठरा दाणे

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. स्थळ, अकोल्याच्या जुन्या शहरातलं देवमनभाऊंचं पंक्चरचं दुकान. रक्कम, दाणे दोनशे अठरा. हजर चौघं: स्वतः देवमनभाऊ, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, शेजारचे टेलर सलीमभाई, आणि मोजणारा मी.

दाणे म्हणजे ज्वारीचे नव्हेत. खसखशीएवढे, काळे, कडक. ते देवमनभाऊंच्या उजव्या पायातून निघत. तळपायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीखाली एक गाठ होती, गाठीला तीन भोकं होती, आणि भोकांतून पाण्यासारख्या पुवाबरोबर हे दाणे येत. देवमनभाऊ ते चिमट्याने उचलून, धुऊन, पुसून एका पितळी डबीत ठेवत. दर रविवारी मी ते मोजून डायरीत लिहीत असे. हे दीड वर्ष चाललं होतं.

देवमनभाऊंचं म्हणणं असं, की पायात मोडलेल्या काट्याचं टोक तुकड्यातुकड्याने बाहेर येत आहे. म्हणजे काम चालू आहे, आणि मी कामाची प्रगती नोंदवतो आहे. सरकारी कार्यालयात लेखा विभागात मी सत्तावीस वर्षं आहे. यापेक्षा निरर्थक कामांची प्रगतीही मी सुवाच्य अक्षरात नोंदवलेली आहे.

देवमनभाऊ आता नाहीत. हृदयाने गेले, पायाने नाही, हे आधीच सांगून टाकतो. पायाचं काय झालं, ते पुढे.

धंदा पंक्चरचा, पण ओळख काटा काढणारे म्हणून. बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतून बाजाराला आलेली माणसं लंगडत दुकानाशी यायची आणि टायरच्या ढिगावर बसून पाय पुढे करायची. देवमनभाऊ आधी पाय पाण्याच्या घमेल्यात बुडवायचे. हे तेच घमेलं, ज्यात दिवसभर ट्यूब बुडवून बुडबुडे पाहिले जात. मग सुई मेणबत्तीवर लाल होईपर्यंत तापवायची. निर्जंतुक करणं त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर ती काजळी लागलेली सुई ते पँटीच्या मांडीला पुसायचे. पँट निर्जंतुक करणं राहून जायचं.

हात मात्र हलका होता. माणूस "आ" म्हणायच्या आत काटा चिमट्यात असायचा. तो वर धरून ते एकच शब्द मोठ्याने म्हणत: "निघाला!" समोरच्या हॉटेलातली माणसंही मान वर करून पाहत.

त्यांची फी सव्वा रुपया. चार आण्याचं नाणं बंद झाल्यावर त्यांनी पावलीच्या जागी एक सुपारी ठरवली. एक रुपया, एक सुपारी. दर कधी वाढला नाही, पण नियम एक होता. फी हातात पडेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला, की काटा काढणाऱ्याचा हात जातो, म्हणजे हाताचा गुण जातो, आणि काढून घेणाऱ्याला तिथेच दुसरा काटा भरतो, असं त्यांचे वडील सांगून गेले होते. म्हणून फी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाचा घोटा ते स्वतःच्या मुठीत धरून ठेवत.

एकदा आमच्या कार्यालयातले कार्यकारी अभियंता साइटवरून लंगडत आले. बाभळीचा काटा बूट भेदून गेला होता. मीच त्यांना दुकानात आणलं. काटा निघाला, साहेब खूश झाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"कोड कुठं आहे तुमचा?"

"कोड पंक्चरचा हाय. काट्याचा नाई," देवमनभाऊ घोटा धरून म्हणाले. "मोबाईलनं देल्लेला पैसा पायाले समजत नाई, सायेब."

साहेबांनी पाचशेची नोट काढली.

"मोड नाई."

"अहो, ठेवा सगळे!"

"काहून ठेवू? मी काय तुमच्या खात्यातला हाव?"

साहेब एका पायावर उभे राहिले. मी पानठेल्यावर जाऊन एक रुपया सुटा आणि एक सुपारी आणली, तेव्हा कुठे एका कार्यकारी अभियंत्याचा पाय जमिनीला लागला. साहेबांनी पुढे माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिलं ते माहीत नाही. त्या वर्षी माझी बढती झाली नाही, एवढं खरं.

देवमनभाऊंचं सगळं तत्त्वज्ञान दुकानातून आलेलं होतं. माणूस म्हणजे टायर. कातडी वरची, ट्यूब आतली. ताप म्हणजे हवा जास्त, अशक्तपणा म्हणजे हवा कमी. "खिया आत ठेवून वरून चिकटी लावली तं किती दिवस टिकन?" असं ते डॉक्टर लोकांबद्दल विचारत. डॉक्टर चिकटी लावतात, आपण खिळा काढतो, हा फरक. दुसरं एक वचन होतं आणि त्यानेच पुढे घात केला. "दुखत नाई, तं रोग नाई. ट्यूब बोंबलत नाई तोवर खोलायची नाई."

आता त्यांचा स्वतःचा काटा.

बार्शीटाकळीजवळ त्यांच्या भावाचं वावर आहे. काळी जमीन, कपाशी. कापूस वेचणीला देवमनभाऊ दुकान बंद करून जात आणि वावरात चपला घालत नसत. वावरात चपला म्हणजे आईच्या अंगावर चपला, असं त्यांच्या घरात होतं. चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढायच्या, मग आत पाय ठेवायचा. धुऱ्याला कुंपण बाभळीच्या काट्यांचं. म्हणजे आईला नमस्कार करायला जाताना मध्ये काटेरी दार, आणि पायात काही नाही. या व्यवस्थेत दोष आहे असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "दोष तुमच्या पुण्याच्या पुस्तकाईत असंल. आमच्यात काटा असते, अन् काटा काढनारा असते."

त्या वर्षी काटा भरला. देवमनभाऊंनी धुऱ्यावर बसून, स्वतःच्या चिमट्याने, स्वतःचा काटा काढला. "निघाला!" म्हणाले. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या सात-आठ बाया साक्षीला होत्या. मग नियमाप्रमाणे त्यांनी उजव्या खिशातून एक रुपया आणि एक सुपारी काढली, डाव्या खिशात टाकली आणि पाय टेकवला. ती फी त्यांनी खर्च केली नाही. ट्यूबच्या रबराच्या तुकड्यात बांधून दुकानातल्या खिळ्याला टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिले. स्वतःचा काटा स्वतः काढून स्वतःला फी देणारा माणूस अकोला जिल्ह्यात दुसरा नव्हता.

आठ-नऊ महिन्यांनी तिथे गाठ आली. दुखत नव्हती. म्हणजे रोग नव्हता.

पुढे गाठीला तोंड पडलं. देवमनभाऊंनी बिब्बा तापवून लावला. तोंड बुजलं आणि अर्ध्या इंचावर दुसरं उघडलं. रुईचा चीक लावला. दुसरं बुजलं, तिसरं उघडलं. सलीमभाईंनी मेडिकलमधून एक पांढरं मलम आणून दिलं. त्याने चार दिवस खाज थांबली आणि गाठ लिंबाएवढी झाली. एकदा तर त्यांनी पंक्चरचं सोल्युशनही लावून पाहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "वरून लावलं, बाबू. आत नाई. मले काय येडा समजता?"

आणि मग दाणे. पहिला काळा दाणा निघाला त्या दिवशी देवमनभाऊ लग्नातल्यासारखे खूश होते. तो चिमट्यात धरून मला दाखवला. "काट्याचं टोक राह्यलं होतं. थे कुजून निंगून राह्यलं. म्या म्हटलं नोतं?" काटा पूर्ण निघाला नाही, असं ते म्हणत नव्हते. काटा निघाला होता, त्याची फी दिली गेली होती. टोक राहिलं होतं, आणि टोकाची वेगळी फी नसते.

यात माझा वाटा असा, की मी डायरी घेऊन बसलो. पहिल्या महिन्यात तीन दाणे, चौथ्यात अकरा, दहाव्यात सतरा. आकडा वाढला की देवमनभाऊ म्हणत, "काम जोरात हाय." मला आकडे लिहायला आवडतात. कशाचे आहेत हे मी दीड वर्ष विचारलं नाही. सुमनवहिनी मात्र पहिल्यापासून सांगत होत्या. "दवाखान्यात चाला. पाय जाईन तवा डबीले हार घालसान का?"

त्या रविवारी दोनशे अठरा भरले, आणि माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी खिशातली पट्टी काढून काउंटरवर दाणे ओळीने लावले. एका सेंटिमीटरात दहा बसत होते.

"भाऊ, टोक केवढं राहिलं होतं?"

"तांदळाच्या दाण्याएवढं. लय झालं तं."

"आणि हे सगळे ओळीने लावले तर बावीस सेंटिमीटर होतात. म्हणजे एक वीत."

मग सलीमभाई कात्री खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, ये काँटा है के बबूल का पूरा झाड़?"

"हसू नोको, सल्या."

"हँस नहीं रा मैं. पूछ रा हूँ. झाड़ होगा तो छाँव भी होगी ना पाँव में?"

देवमनभाऊ विचारात पडले. त्यांना हिशोब कळत होता, आणि हिशोब खोटा म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी म्हणाले, "वाढून राह्यला असंल. बाभूयच हाय थे. ओल भेटली का फुटते. जिवंत असंल आत."

आम्ही सगळे हसलो, वहिनी सोडून. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जवळजवळ हेच सांगितलं, तेव्हा हसल्याची मला लाज वाटली. दीड वर्षात पायाबद्दल एकच खरं वाक्य बोललं गेलं होतं आणि ते देवमनभाऊंच्या तोंडून आलं होतं.

वहिनींनी पदराने हात पुसले आणि डबी उचलली. "तुमचा पाय येत नसंल तं नोको येऊ. मी डबी नेतो. बाबू, उद्या सुट्टी टाका."

सोमवारी सरकारी दवाखान्यात आम्ही दोघं चर्मरोगाच्या रांगेत उभे राहिलो. केसपेपरच्या खिडकीवर नाव सांगितलं. वय एकसष्ट, पुरुष. खिडकीतल्या माणसाने वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोन?"

"दुकानात हाय," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यातलं जे निंगालं, थे आणलं."

सरकारी नियमात पेशंटशिवाय केसपेपर निघत नाही, पण नुसत्या डबीवर निघतो की नाही याबद्दल काही लिहिलेलं नसावं. निघाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं नागपूरकडचं. त्यांनी डबी उघडली, आत पाहिलं आणि उठून उभ्याच राहिल्या. एक दाणा काचेवर घेतला, औषधाचा थेंब टाकला, चिरडला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग शेजारच्या खोलीतून शिकणारी चार मुलं-मुली बोलावली. सगळी आळीपाळीने पाहू लागली. "इतके स्वच्छ दाणे आम्हाला पुस्तकातच दिसतात. कुणी गोळा केले?" वहिनींच्या चेहऱ्यावर क्षणभर नवऱ्याचा अभिमान आला. मी डायरी पुढे केली. डॉक्टरीणबाई पानं उलटत गेल्या आणि त्यांचं हसू पानागणिक कमी होत गेलं.

"दीड वर्ष? तुम्ही दीड वर्ष हे मोजत बसलात?"

मी होय म्हणालो. आकडे बरोबर आहेत, असंही म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. ही बुरशी. मातीत असते, काट्यावर असते. काट्याबरोबर कातडीखाली शिरते आणि आत घर करून वाढते. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. दाणा म्हणजे बुरशीचीच गोळी, काट्याचा तुकडा नव्हे. हाडापर्यंत गेली असेल तर पायावर बेतेल. "पाय दाखवा मला. आज."

देवमनभाऊंना आज आणणं सोपं नव्हतं. वाटेत वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमी काई बोलू नोका." दुकानात येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "डाक्टरीण म्हणते, काटाच हाय. पण असा काटा तिनं पाह्यला नाई. तुमाले बलावलं."

मी आयुष्यात खोट्या बिलावर सही केलेली नाही. त्या दिवशी गप्प राहिलो.

देवमनभाऊंनी धुतलेला सदरा घातला, चिमटा आणि सुई बरोबर घेतली आणि सरकारी दवाखान्याला काटा काढायचं शिकवायला निघाले. तिथे त्यांचा फोटो काढला गेला, गाठीचा नव्हे तर हाडांचा, आणि तो उजेडावर धरून डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. करंगळीच्या हाडाला कुरतडल्यासारखी भोकं होती.

"बुरशी? बुरशी भाकरीले येते, मॅडम. मानसाले कशी यीन?"

"आली आहे, काका. याला मदुरा पाय म्हणतात."

"मदुरा? मी तं शेगावच्या पुढं कधी गेलो नाई. मदुराईचा रोग मले कसा लागन?"

"काका, तुम्ही काय करता?"

"पंक्चर."

"खिळा आत राहिला आणि वरून चिकटी लावली तर?"

देवमनभाऊ सावध झाले. हे त्यांचं वाक्य होतं. "पुन्हा पंक्चर."

"आणि तो खिळा जिवंत असला तर? आत पिल्लं घालत असला तर? तुम्ही वरून बिब्बा लावता, तो दुसरीकडे भोक पाडतो. आता गोळ्या घ्या. सहा महिन्यांनी गाठ कापून काढू, मग पुन्हा गोळ्या. नाहीतर वर्षभरात घोट्यापासून पाय काढावा लागेल."

घोट्यापासून म्हटल्यावर देवमनभाऊंनी आपला घोटा मुठीत धरला, गिऱ्हाइकाचा धरायचे तसा. बराच वेळ सोडला नाही. मग हळूच विचारलं, "पाय गेला तं पंप कोन्या पायानं मारू?"

गोळ्या दोन वेळा, जेवणावर. दर महिन्याला रक्त तपासायचं, कारण गोळीने यकृतावर ताण येतो. अधूनमधून दवाखान्यात गोळी संपलेली असायची, मग बाहेरून घ्यावी लागे. वहिनींनी गोळीच्या रिकाम्या पट्ट्या जपून ठेवल्या आणि मी त्या मोजल्या. या वेळी कशाच्या मोजतो आहे, ते आधी विचारून घेतलं.

दिवाळीच्या आत ऑपरेशन झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर देवमनभाऊंनी पहिला प्रश्न केला, "काटा दाखवा." डॉक्टरीणबाईंनी बाटलीतला गोळा दाखवला. काळ्या ठिपक्यांचा, पेरूच्या गरासारखा. त्यात काटा नव्हता. काटा कधीच निघून गेला होता, असं त्या म्हणाल्या. पहिल्याच दिवशी, चिमट्याने, पूर्ण.

म्हणजे देवमनभाऊंनी काढलेला काटा खरंच निघाला होता. कुणालाही आनंद व्हावा अशी ही बातमी. त्यांचं तोंड उतरलं.

घरी आल्यावर नवीन अडचण सुरू झाली. दहाव्या दिवसापासून पाय टेकवून चालायला सांगितलं होतं. देवमनभाऊ टेकवेनात. पाय स्टुलावर ठेवून बसून राहत, संडासला कुबडी घेऊन एका पायावर जात. दुखतो का, तर नाही. भीती वाटते का, तर नाही. दवाखान्यातून निरोप आला की असंच चाललं तर घोटा आखडेल आणि वाचवलेला पाय बिनकामाचा होईल. वहिनी रडकुंडीला आल्या. सलीमभाईंनी उपाय काढला, "नीचे नोट रख दो, आप ही टेकेगा." तेही चाललं नाही.

मी रविवारी गेलो तेव्हा डायरी बरोबर होती. सवय.

"किती दाणे?" त्यांनी विचारलं.

"शून्य. एकवीस दिवस झाले. पायाची पट्टी वहिनी रोज पाहतात. शून्य."

"शून्य बी लिवता?"

"लिहितो."

त्यांनी डायरी हातात घेतली. एकाखाली एक एकवीस शून्यं. बोट फिरवत त्यांनी ती मोजली. मग दुकानातल्या खिळ्याला टांगलेली रबराची पुरचुंडी मागवून घेतली.

"म्हंजे आता निंगाला," ते म्हणाले. "म्या तवा 'निंगाला' म्हटलं अन् पैसे घेतले. थे चुकीचे घेतले. काटा निंगाला, पन काट्यासंगं आलेलं निंगालं नाई. फी तिची हाय, बाबू. फी देल्ल्याबिगर पाय कसा टेकवू? तिचा हात जाईन ना."

इतके दिवस ते एका तरुण डॉक्टरीणबाईचा हात जाऊ नये म्हणून पाय वर धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो. सलीमभाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. रांग लांब होती. डॉक्टरीणबाईंसमोर खुर्चीवर बसून देवमनभाऊंनी उरलेल्या तीन बोटांचा पाय सरळ पुढे, हवेत धरला आणि पुरचुंडी टेबलावर ठेवली.

"काका, आम्ही पैसे घेत नाही. नियम नाही."

"मंग मी टेकवत नाई."

मागून ओरड सुरू झाली. "आबा, आटपा ना बावा!" "काय नाटक हाय थे!" देवमनभाऊंचा पाय खाली येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लेखा विभागातला माणूस. शासकीय कर्मचाऱ्याने रुग्णाकडून काहीही घेऊ नये, हे परिपत्रक मला तोंडपाठ आहे. मी मान हलवली. घ्या, असं.

डॉक्टरीणबाईंनी पुरचुंडी सोडली. चार वर्षं वाळलेली सुपारी आणि एक रुपया. दोन्ही कोटाच्या खिशात टाकलं.

"निघाला?" देवमनभाऊंनी विचारलं.

"निघाला," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं."

"निघाला!"

रांगेतली माणसं मान वर करून पाहू लागली. देवमनभाऊंनी पाय टेकवला. आधी टाच, मग चवडा, मग तीन बोटं. मी त्यांना उभं राहिलेलं पाहिलं ते तेवढंच. त्याच आठवड्यात माझी अमरावतीला बदली झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात सलीमभाईंचा फोन आला.

शेवटी दिले: रुपया एक, सुपारी एक. कोणाला: चर्मरोग विभागाच्या डॉक्टरीणबाईंना. पावती नाही.